किआह खाडीवरची ओस वाडी आणि डेव्हिडसन व्हेलिंग स्टेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑस्ट्रेलियातल्या ईडनजवळच्या या जागेबद्दल बहुतेकांनी एकच गोष्ट ऐकलेली असते: किलर व्हेल (ऑर्का) माणसांना व्हेलच्या शिकारीत मदत करायचे. गोष्ट खरी आहे, पण अर्धीच. इथे एक घर होतं, बाग होती, चरबी कढवायची भट्टी होती, आणि या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून इथे राहणारे थाउआ लोक होते. ते सगळं एकत्र पाहिलं तरच गोष्ट नीट कळते.

ही जागा नेमकी कुठे आहे?

न्यू साउथ वेल्स राज्याच्या अगदी दक्षिण टोकाला टूफोल्ड बे नावाचा मोठा उपसागर आहे. त्याच्या उत्तर बाजूला ईडन गाव आणि दक्षिण बाजूला टोवांबा नदीचं मुख. या मुखाशी जी खाडी तयार झाली आहे ती किआह इनलेट, आणि खाडीच्या काठावर डेव्हिडसन कुटुंबाचं व्हेलिंग स्टेशन, म्हणजे व्हेलची शिकार करून तेल काढायचा तळ. सिडनीहून रस्त्याने साधारण 480 किलोमीटर. मेलबर्नहून येणाऱ्यांना थोडं जास्त पडतं.

कोकणातल्या माणसाला ही रचना लगेच ओळखीची वाटेल. समोर खाडी, खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध, मागे झाडीचा चढ आणि मधल्या सपाटीवर घर-वाडी.

इथे राहत कोण होतं?

अलेक्झांडर डेव्हिडसन हे मूळचे स्कॉटलंडचे सुतार. 1840 च्या दशकात बेन बॉइड या धनाढ्य उद्योजकाच्या कामावर ते इथे आले. बॉइडचा डोलारा कोसळल्यावर ते मागे राहिले आणि 1860 च्या दशकात किआहला स्वतःचं व्हेलिंग सुरू केलं. त्यांच्यानंतर मुलगा जॉन आणि मग नातू जॉर्ज. धंदा 1929-30 च्या सुमारास बंद पडला, म्हणजे तीन पिढ्या चालला. किनाऱ्यावरून चालणारं इतकं दीर्घायुषी व्हेलिंग स्टेशन ऑस्ट्रेलियात दुसरं नाही.

आज उभं असलेलं लाकडी फळ्यांचं घर जॉर्ज आणि त्यांची पत्नी सारा यांच्यासाठी 1896 मध्ये बांधलं गेलं. त्याचं नाव लॉक गायरा.

मग ही वाडी होती की कारखाना?

दोन्ही. आणि एकाशिवाय दुसरं चाललं नसतं.

व्हेल वर्षभर येत नाहीत. हिवाळ्याच्या सुरुवातीला, म्हणजे तिकडच्या जूनच्या आसपास, हंपबॅक जातीचे व्हेल अंटार्क्टिककडून उत्तरेच्या उबदार पाण्याकडे जातात आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये पिल्लांसह परत फिरतात. शिकारीचा हंगाम तेवढाच. एका हंगामात स्टेशनच्या हाती मोजकेच व्हेल लागत, आणि काही वर्षं तर जवळजवळ कोरडी जात. तेल विकून पैसे येईपर्यंत खायचं काय, हा प्रश्न दरवर्षीचा होता. घराभोवतीची फळबाग आणि भाजीचा मळा शोभेसाठी नव्हता. सामानसुमान आणायचं तर ईडनपर्यंत होडीने जावं लागे, म्हणून जे घरी पिकवता येईल ते घरीच पिकवायचं.

आज तिथे जाणारे बहुतेकजण भट्टीचे अवशेष पाहतात आणि बागेकडे पाठ फिरवतात. आमच्या मते ही मोठी चूक. साठ-सत्तर वर्षं हा धंदा तगला, त्यात बागेचा वाटा मोठा आहे.

बॉइडटाउन आणि हे स्टेशन एकच का?

नाही, आणि ही गल्लत फार होते. टूफोल्ड बेमध्ये किनाऱ्यावरचं व्हेलिंग 1828 मध्ये थॉमस रेन यांनी सुरू केलं. त्यानंतर इमले बंधू आले आणि 1843 पासून बेन बॉइड. बॉइडने स्वतःच्या नावाचं गाव वसवलं आणि दक्षिण टोकावर वाळूच्या दगडाचा एक मनोराही बांधला. मनोरा दीपगृह म्हणून बांधला, पण दीपगृह म्हणून तो कधी वापरला गेला नाही. पुढे डेव्हिडसनची माणसं त्यावर बसून समुद्रावर व्हेलचे फवारे शोधत. 1849 पर्यंत बॉइडचं साम्राज्य बुडालं होतं.

बॉइडने 1847 मध्ये प्रशांत महासागरातल्या बेटांवरून मजूर आणले आणि त्यांचे अतोनात हाल झाले. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानाला त्याचं नाव होतं. ते 2022 मध्ये काढून ‘बेओवा’ ठेवण्यात आलं. बेओवा हा किलर व्हेलसाठी थाउआ शब्द आहे.

थाउआ कोण, आणि त्यांचा शिकारीशी संबंध काय?

युइन हा त्या किनाऱ्यावरचा मोठा आदिवासी समाज आणि थाउआ हे त्यातले टूफोल्ड बेचे मूळ रहिवासी. त्यांच्या दृष्टीने किलर व्हेल म्हणजे परत आलेले पूर्वज. गेलेला माणूस बेओवा होऊन येतो, ही श्रद्धा.

गोरे लोक यायच्या आधीपासून किलर व्हेल मोठ्या व्हेलला उथळ पाण्याकडे रेटायचे आणि किनाऱ्याला लागलेल्या व्हेलवर थाउआंचा जेवणाचा सोहळा व्हायचा. थाउआ ज्येष्ठांच्या मौखिक परंपरेत बोलावण्याची रीतही सांगितली आहे. म्हातारा माणूस किनाऱ्यावर दोन शेकोट्या पेटवायचा आणि त्यांच्यामध्ये काठी टेकत लंगडत चालायचा, म्हणजे बेओवांना त्याची भूक दिसावी आणि दया यावी.

म्हणून ‘डेव्हिडसनांनी किलर व्हेल माणसाळवले’ हे वाक्य आम्ही कुठेही दिसलं की दुरुस्त करतो. नातं आधीच होतं. डेव्हिडसन त्या नात्यात सामील झाले, ते थाउआ आणि इतर युइन नावाड्यांमुळे. डेव्हिडसनांच्या होड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने तीच माणसं होती. त्यांना गोऱ्यांइतकाच मोबदला मिळे, ही गोष्ट त्या काळच्या ऑस्ट्रेलियात दुर्मीळ.

मोबदला कसा ठरायचा?

वाट्याने. रापण ओढणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. जेवढं तेल निघेल त्यातला ठरलेला वाटा ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. व्हेल मिळाला नाही तर वाटाही नाही.

किलर व्हेल म्हणजे देवमासाच ना?

प्राणिशास्त्राच्या दृष्टीने किलर व्हेल किंवा ऑर्का हा सर्वांत मोठा डॉल्फिन. त्याला दात असतात, तो टोळीने राहतो आणि टोळीची अक्कल आईकडून पिल्लाकडे जाते. आपण किनाऱ्यावर ज्याला देवमासा म्हणतो ते बहुधा बलीनवाले अजस्र व्हेल असतात. त्यांना दात नसतात, वरच्या जबड्यातून झालरीसारखे लोंबणारे पट्टे असतात. टूफोल्ड बेमध्ये शिकार व्हायची ती या दुसऱ्यांची: सुरुवातीला मुख्यतः राइट व्हेल, पुढे हंपबॅक.

शिकार प्रत्यक्षात कशी व्हायची?

पहिला टप्पा खबर. कधी मनोऱ्यावरून, कधी किलर व्हेलकडूनच. टोळीने बाहेर व्हेलला घेरलं की त्यातले एक-दोघे खाडीच्या तोंडाशी येऊन शेपटी पाण्यावर आपटत. रात्रीच्या शांततेत तो आवाज स्टेशनपर्यंत पोचायचा. मग ‘रशो!’ अशी आरोळी उठायची आणि माणसं होडीकडे धावायची.

होडी साधारण आठ-नऊ मीटर लांब, दोन्ही टोकांना निमुळती, म्हणजे वळवायला वेळ न घालवता मागेही वल्हवता येईल. पाच वल्ही, आणि मागे सुकाणूच्या जागी एक लांब वल्हं. पुढे नाळेवर हार्पून (दोर बांधलेला भाला) फेकणारा, मागे होडीचा प्रमुख.

व्हेलच्या मागच्या बाजूने जायचं, कारण तिथे त्याला नीट दिसत नाही. होडी अंगाला जवळजवळ भिडेपर्यंत हार्पून उचलायचा नाही. हार्पूनने व्हेल मरत नाही. ते फक्त दोर अडकवायचं साधन. दोर टबमध्ये गोल गोल वेढे घालून ठेवलेला असतो आणि होडीच्या मागच्या खुंटाला एक-दोन फेरे देऊन पुढे जातो. व्हेल पळाला की दोर खुंटावर इतक्या वेगाने घासतो की धूर निघतो, म्हणून त्यावर सतत पाणी ओतायचं.

व्हेल दमला की जागांची अदलाबदल. हार्पूनवाला मागे सुकाणूवर जातो आणि प्रमुख लांब भाला घेऊन नाळेवर येतो. भाला फुप्फुसापर्यंत जावा लागतो. फवाऱ्यात रक्त दिसलं की शेवट जवळ आला.

या वेळात किलर व्हेल बघत बसत नसत. काही व्हेलच्या खालून जात, म्हणजे तो खोल बुडी मारू शकणार नाही. काही त्याच्या नाकपुडीवर अंग टाकत, म्हणजे श्वास घेता येणार नाही. काही दोराला तोंडाने लटकत. काही तासांचं काम त्यामुळे खूप लवकर उरके.

काय काय बिघडायचं?

सगळ्यात धोक्याची गोष्ट दोर. वेढा नीट घातला नसेल तर सुटताना फास बसतो, आणि त्यात पाय सापडला तर माणूस होडीबाहेर. म्हणून कुऱ्हाड कायम हाताशी. दुसरा धोका शेपटीचा: एका फटक्यात होडीच्या फळ्या उडतात. तिसरा अंधाराचा, कारण बऱ्याच शिकारी रात्री होत.

आणि घराच्या दारातला धोका म्हणजे खाडीच्या तोंडाचा वाळूचा बांध. नदीचं ओहोटीचं पाणी बाहेर येतं, समुद्राची लाट आत येते, दोन्ही उथळावर भिडतात आणि लाट अचानक उभी राहून फुटते. 1926 मध्ये याच जागी होडी उलटून जॉर्ज यांचा मुलगा जॅक आणि त्याची दोन मुलं बुडाली. आयुष्यभर व्हेलच्या मागे गेलेल्या घराचा घात घरासमोरच्या पाण्याने केला.

‘जिभेचा कायदा’ म्हणजे काय?

व्हेल मेल्यावर तो लगेच ओढत आणायचा नाही. त्याला नांगर आणि तरंगती खूण बांधून तिथेच सोडायचं. किलर व्हेल त्याची जीभ आणि ओठ खातात, बाकी शरीराला सहसा तोंड लावत नाहीत. एक-दोन दिवसांनी पोटात वायू भरून धूड वर येतं, तेव्हा ते वल्हवत किआहला आणायचं.

यात श्रद्धा होती, करार होता आणि सोयही होती. हंपबॅक मेल्यावर बहुधा बुडतो. त्याला लगेच ओढणं होडीच्या आवाक्याबाहेरचं, म्हणजे थांबणं भागच. किलर व्हेलला हवं ते मांस माणसाच्या कामाचं नाही आणि माणसाला हवी ती चरबी किलर व्हेल सोडून देतात. वाटणी इतकी चोख जुळली, म्हणून ती टिकली. बॉइडच्या होड्या सांभाळणारे चित्रकार ऑस्वाल्ड ब्रियर्ली यांच्या 1840 च्या दशकातल्या रोजनिशीतही किलर व्हेलच्या या मदतीची नोंद आहे.

तेल कसं काढायचे?

ज्याने कोल्हापूर-साताऱ्याकडचं गुऱ्हाळ पाहिलं आहे त्याला हे डोळ्यासमोर आणायला वेळ लागणार नाही.

भरतीच्या वेळी धूड जितकं वर घेता येईल तितकं किनाऱ्यावर घ्यायचं आणि रहाटाने दोर आवळायचा. लांब दांड्याच्या धारदार कुदळीसारख्या पात्याने चरबीचे पट्टे कापायचे. एकजण कापतो, रहाट पट्टा सोलत ओढतो. मग पट्ट्यांचे लहान तुकडे, कारण जाड तुकडा बाहेरून करपतो आणि आत कच्चा राहतो.

तुकडे लोखंडी काहिलीत. खाली विटांचं चुलवण. सुरुवातीला लाकूड, पण एकदा काहील चालू झाली की तेल निघून गेलेल्या चरबीचा कुरकुरीत चोथा हेच जळण. गुऱ्हाळात रस काढलेली चिपाडं जाळतात, तसंच. तयार तेल पळीने काढून थंड व्हायला टाकीत आणि मग पिंपात. पिंपं जहाजाने बाजाराला.

इथे तीन चुका महागात पडतात. एक, चरबीबरोबर पाणी गेलं तर काहील एकदम उतू येते आणि तेल खालच्या विस्तवात जाऊन भडका उडतो. दोन, आंच जास्त झाली तर तेल करपून काळं पडतं आणि भाव उतरतो. तीन, उशीर. वायू भरून वर यायची वाट पाहायची म्हणजे धूड आधीच एक-दोन दिवस शिळं. त्यात वारा फिरला, ओढून आणायला आणखी दिवस गेला, की चरबी नासते आणि तेल गडद व उग्र वासाचं निघतं. जिभेच्या कायद्याची किंमत डेव्हिडसन अशी तेलाच्या भावात मोजत होते.

तेलाचं आणि बलीनचं काय व्हायचं?

तेल दिव्यासाठी, यंत्रांना वंगण म्हणून, कातडी कमावायला. रॉकेल आणि गॅस आल्यावर दिव्याची मागणी गेली. बलीनचे पट्टे खरवडून, धुऊन, वाळवून गठ्ठे बांधून विकत. ते लवचिक असल्याने बायकांच्या कॉर्सेटमध्ये आणि चाबकांत वापरले जात. राइट व्हेलचं बलीन लांब आणि मोलाचं, हंपबॅकचं आखूड आणि जवळजवळ बिनमोलाचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॅशन बदलली आणि बलीनचा बाजारही बसला.

अंबरग्रीस मिळायचं का?

महाराष्ट्रात ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. उत्तर नाही. अंबरग्रीस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतं आणि स्पर्म व्हेल खोल समुद्रातला. इथल्या होड्यांची शिकार उपसागरात व्हायची. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अंबरग्रीसची खरेदी-विक्री गुन्हा आहे, हेही इथेच सांगून ठेवतो.

संधिवातासाठी लोक व्हेलच्या पोटात बसायचे, हे खरं?

खरं. 1890 च्या दशकात ईडनला हा उपचार प्रसिद्ध होता. ताज्या मेलेल्या व्हेलच्या शरीरात खड्डा करून रोग्याला गळ्यापर्यंत उबदार चरबीत काही तास बसवत. उष्णतेने दुखणं थोडा वेळ हलकं वाटत असेल, यापलीकडे त्यात औषध काही नव्हतं.

ओल्ड टॉम कोण?

टोळीतला सर्वांत प्रसिद्ध किलर व्हेल. हुकी, हम्पी, स्ट्रेंजर, टायपी अशी इतरही नावं होती. पाठीवरच्या पराच्या आकारावरून नावाडी एकेकाला ओळखत. 17 सप्टेंबर 1930 ला टॉम टूफोल्ड बेमध्ये मेलेला सापडला. त्याचा सुमारे 6.7 मीटरचा सांगाडा ईडनच्या किलर व्हेल म्युझियममध्ये आहे. हे संग्रहालयच मुळात त्याच्यासाठी उभं राहिलं.

सांगाड्याशी गेलात तर पूर्ण लांबी बघून पुढे सरकू नका. जबड्याशी वाका. दात एका बाजूला झिजून खोबणी पडल्यासारखे दिसतात. दोराला लटकून ही झीज झाली, असं ईडनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. नैसर्गिक झीज आणि दाताखालचा गळू, असं काही अभ्यासकांचं मत.

टॉम खरंच ऐंशी-नव्वद वर्षांचा होता?

नाही. दाताच्या थरांवरून काढलेलं वय पस्तिशीच्या आसपास येतं. म्हणजे 1860 च्या दशकात ज्याला टॉम म्हणत तो हा नव्हे. नाव पुढच्याला मिळालं असावं, कदाचित त्याच कुळातल्या. यामुळे गोष्ट खोटी ठरत नाही. उलट ही रीत एका हुशार प्राण्याची नसून पिढ्यांनी सांभाळलेली होती, असाच त्याचा अर्थ निघतो.

2023 मध्ये टॉमच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थाउआ समाजाचाही सहभाग होता. आजच्या न्यूझीलंडकडच्या किलर व्हेलशी त्याचं दूरचं नातं दिसलं, पण तपासलेल्या नमुन्यांत थेट वंशज कुणी नाही.

किलर व्हेल का गेले?

कारणं एकापेक्षा जास्त. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टायपी किनाऱ्यावर अडकला असताना एका गोऱ्या माणसाने त्याला भोसकून मारलं. पूर्वजाचा खून झाला म्हणून थाउआ नावाडी संतापले, आणि त्यानंतर टोळीतले बरेचजण परतले नाहीत असं सांगतात. त्याच काळात यांत्रिक बोटींचं नॉर्वेजियन व्हेलिंग या किनाऱ्यावर आलं. मोठे व्हेलही संपत चालले होते. जिथे अन्न नाही तिथे टोळी कशाला येईल?

1923 च्या सुमाराची आणखी एक घटना ईडनमध्ये सांगतात. जॉर्ज डेव्हिडसन आणि पशुपालक जॉन लोगन यांनी वादळाच्या भीतीने एक लहान व्हेल जिभेचा वाटा न देता ओढून नेला. टॉमने दोर धरून ठेवला आणि त्या ओढाताणीत त्याचे दात गेले. संग्रहालय उभारण्यात पुढे लोगन यांचा मोठा हात होता.

आज तिथे काय शिल्लक आहे?

लॉक गायरा घर, बाग, काठाशी भट्टीचे अवशेष आणि माहितीफलक. जागा न्यू साउथ वेल्सच्या राष्ट्रीय उद्यान विभागाच्या ताब्यात आहे. जानेवारी 2020 च्या वणव्यात किआह परिसराची भयंकर हानी झाली. आजूबाजूच्या झाडीत त्याच्या खुणा दिसतात.

विटा, खिळे, हाडाचे तुकडे उचलू नका. भट्टीच्या कडांवर चढू नका, चुना सुटलेला आहे.

कसं आणि कधी जायचं?

ईडनहून प्रिन्सेस हायवेने दक्षिणेकडे, मग एड्रम रोड. शेवटचा भाग कच्चा आहे, पावसानंतर जपून. निघण्यापूर्वी उद्यान विभागाच्या सूचना पाहा, वणव्याच्या किंवा पुराच्या दिवसांत रस्ता बंद होतो. वाटेत दुकान नाही, पाणी आणि खाणं ईडनहूनच घ्या.

आधी इमले स्ट्रीटवरचं संग्रहालय, मग बॉइडचा मनोरा, मग किआह, हा क्रम ठेवा. सांगाडा, टेहळणी आणि भट्टी या क्रमाने पाहिली की अंतरं डोक्यात बसतात.

सप्टेंबर ते नोव्हेंबर सगळ्यात चांगला. पूर्व किनाऱ्यावरची हंपबॅकची शिकार 1960 च्या दशकात थांबली, ऑस्ट्रेलियातलं शेवटचं व्हेलिंग स्टेशन 1978 मध्ये बंद झालं, आणि पूर्व किनाऱ्यावरचे हंपबॅक झपाट्याने सावरले. आता माद्या पिल्लांना घेऊन ईडनसमोरून जातात. वारा पडलेला असेल तर मनोऱ्याजवळच्या कड्यावर सकाळी लवकर उभे राहा. फवारे उगवत्या उन्हात लांबूनही दिसतात.

खाडीत कयाक घालणार असाल तर भरतीच्या सुरुवातीला घाला, आणि कितीही शांत दिसलं तरी वाळूचा बांध ओलांडून बाहेर जाऊ नका.